जाऊबाईंचे कान

माझ्या मोठ्या जावेला कान आले आणि माझं घरातलं राज्य गेलं. झालं, पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, उगाच लपवाछपवी कशाला! तोंडावर मी तिला 'वहिनी, तुम्ही' म्हणते. मनात मात्र ती 'ती'च आहे, आणि इथे मी मनातलंच सांगतेय.

ती घरी बसून शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची, चेन बसवायच्या. हात असा की कपडा कुठे फाटला होता ते मालकालाही सापडू नये. स्वभावाने गरीब. मोठे भाऊजी ट्रक चालवतात, त्यामुळे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. बालवाडीत असताना आलेल्या तापात तिचे दोन्ही कान गेले. दार आपटलं तर कळायचं, पण माणसाचं बोलणं ती ओठांवरूनच ओळखायची.

त्यामुळे आमच्या घरात एक रीतच पडून गेली होती. तिला हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं. दिवा मिचकावला की ती शिलाई मशीनवरून मान वर करणार आणि आपल्या तोंडाकडे बघणार. बाकी सगळ्याला मी होतेच. गिऱ्हाइकाशी मी बोलायचं, तिला दवाखान्यात न्यायचं तर मी, फोन आला तर मी. माझ्यावाचून तिचं पान हलत नव्हतं. आणि सासूबाई तर पूर्णच माझ्या होत्या. दात काढल्यापासून त्या असं काही पुटपुटतात की ओठ हलले की नाही तेच कळत नाही, त्यामुळे जाऊबाईंना त्यांचं काही उमगायचं नाही. दुपारभर त्या मलाच हाक मारायच्या, कुणाची सून कशी वागते ते मलाच सांगायच्या. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

दुसरी माझी ऐट म्हणजे माझा आरोग्य विमा. मी उशा-गाद्यांच्या कारखान्यात काम करते, कापूस भरण्याच्या खात्यात. तेव्हा विमा नोकरीला चिकटलेला असायचा. नोकरी पक्की असेल तर कंपनीचा विमा, नाहीतर बसा आपले. माझ्या विम्यात नवरा होता, सासूबाई होत्या. जाऊबाईंनी एकदा स्वतःचा विमा काढायला अर्ज केला तर तो परत आला. कान आधीपासून गेलेले, म्हणजे जुना आजार, आणि जुना आजार कुणी घेत नव्हतं. ते पत्र मीच तिला वाचून समजावलं होतं. फार हळहळले मी त्या दिवशी. हळहळायला मला जमतं, समोरचा माझ्या खाली असेल तर.

मग तो नवा कायदा आला. टीव्हीवर महिनोन्‌महिने भांडणं चालली होती, पण आमच्यापर्यंत पोहोचलं ते इतकंच: आता विमा सगळ्यांना, नोकरी असो नसो. जुना आजार म्हणून कुणाला हाकलायचं नाही. ज्याची जशी कमाई तसा त्याने हप्ता भरायचा. डॉक्टर मात्र यादीतलाच, आणि मोठ्या डॉक्टरकडे ज्याचं दुखणं जास्त त्याचा नंबर आधी.

कारखान्यात चहाच्या सुट्टीत दोन तट पडले. पॅकिंगमधली म्हणाली, "माझ्या पोराच्या साखरेला आता कुणी नाही म्हणणार नाही, मी तर सुटले बाई!" मी म्हटलं, "तू सुटलीस, मी अडकले." कारण माझ्या पगारातून पहिल्यापेक्षा जास्त कापलं जायला लागलं आणि माझा डॉक्टर हातचा गेला. किती चांगला माणूस! नव्या दरात परवडत नाही म्हणून तो यादीत आलाच नाही. वर्षाला तपासायचा, स्वेटरवरूनच छातीला नळी लावायचा, पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ठणठणीत!" पाच मिनिटांत बाहेर. आता सरकारी केंद्रात जा आणि सकाळभर बाकावर बसा. मी रागारागाने ठरवूनच टाकलं, मरेन पण त्या बाकावर बसणार नाही.

आणि जाऊबाई? एक दमडी जास्त न भरता तिला दोन्ही कानांची यंत्रं मिळाली. दुखणं जास्त म्हणून नंबरही आधी.

ती ज्या दिवशी यंत्रं घालून आली त्या दिवशी घरात नुसता सोहळा. नळाचा थेंब ऐकून हसतेय, फ्रिज गुरगुरतो म्हणून हसतेय, कात्रीने कापड कापलं जाताना आवाज होतो हे कळलं तर डोळ्यांत पाणी. शेजारीपाजारी बघायला आले. माझा नवरा, जो माझ्या नव्या चपलाही कधी बघत नाही, तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "वहिनी, आता माझा आवाज सांगा कसा आहे!" ती म्हणाली, "मला वाटला होता त्याहून गोड आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं त्या गोड आवाजाचं घोरणं मी ऐकतेय, मला कुणी विचारलं नाही.

हळूहळू माझं एकेक काम गेलं. गिऱ्हाईक थेट तिच्याशी बोलायला लागलं. फोन ती उचलायला लागली. मी सवयीने दिवा मिचकावला तर म्हणाली, "अगं, तोंडाने हाक मार ना, ऐकू येतं आता!" आणि माझी स्वयंपाकघरात पुटपुटायची सवय, तीही माझ्याच अंगाशी आली. एकदा भांडी आपटत बोलून गेले, "महाराणींना चहा नको का?" तर आतून आवाज आला, "हवाय, साखर कमी!" नवरा हसून हसून लोळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी ठिणगी पडली ती सासूबाईंवरून. कामावरून आले की बघावं तर ही त्यांच्या पलंगावर, त्यांच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन बसलेली. सासूबाई पुटपुटतायत आणि ही मान डोलावतेय. कधी तर त्या झोपलेल्या असायच्या, तरी ही आपली वाकून बसलेली. म्हटलं, वा! झोपलेल्या म्हातारीचीही सेवा! माझी जागा होती ती. पोटात असं दुखायचं की जेवण जायचं नाही.

एका रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. जाऊबाई एकदम मला म्हणाली, "अगं, तुला एक विचारू? तुझा श्वास वाजतो. आत घेताना बारीक शिट्टी वाजते. मला आधी वाटलं सगळ्यांचाच वाजत असेल, माणसाचा श्वास असाच असेल. मला काय माहीत! म्हणून मी रोज आईंच्या जवळ बसून ऐकत होते. त्यांचा नाही वाजत. भाऊजींचा नाही वाजत. तुझाच वाजतो."

घास माझ्या हातातच राहिला. नवरा माझ्याकडे बघायला लागला, सासूबाई बघायला लागल्या. सगळ्यांसमोर! जिच्यासाठी मी इतकी वर्षं बोलले ती आता माझ्यात खोट काढणार?

"माझ्या पगारातून कापलेल्या पैशांनी तुम्हाला कान आले," मी ओरडले, "आणि त्याच कानांनी माझ्या छातीची चहाडी करता? बहिऱ्या होतात तेच बरं होतं!"

तिने शांतपणे ताट उचललं. मग हात पुसले, एकेक करून दोन्ही यंत्रं काढली, डबीत ठेवली आणि डबी शिलाई मशीनच्या खणात सरकवली. त्यानंतर घरात तिने ती घातली नाहीत. सासूबाई पुन्हा मला हाका मारायला लागल्या, मी पुन्हा दिवा मिचकावायला लागले. मला हवं होतं ते सगळं परत मिळालं. गंमत म्हणजे मला कशाचीच चव लागेना.

कारण शिट्टी आता मला ऐकू यायला लागली होती. एकदा कुणी सांगितलं, की मग कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते, हे मला कधीपासूनचं माहीत होतं, पण आमच्या खात्यात सगळ्यांचीच आवळते. हवेत कापूस उडत असतो, नाकातोंडात जातो, त्याला आम्ही 'सोमवारची छाती' म्हणतो आणि गरम पाणी पितो. आजार म्हणून त्याकडे कुणी बघितलंच नाही. एका सोमवारी मात्र गोदामाचा जिना चढताना मला मध्येच खाली बसावं लागलं. घाबरले. खरंच घाबरले.

गेले मग त्याच बाकावर बसायला. सकाळभर बसले. समोर एक भाजीवाला, त्याला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर दिसणार होता. तो खूश, मी धुसफुसतेय. आतली डॉक्टरीण तरुण होती, हसली नाही, पाठीवर थाप मारली नाही. स्वेटर काढायला लावला, एका नळीत जोरात फुंकायला लावलं. पुन्हा फुंका म्हणाली. पुन्हा.

"किती वर्षं कापसात काम करताय?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "छातीत कापूस बसलाय. अजून वेळ गेलेली नाही, पण फुफ्फुसांच्या मोठ्या डॉक्टरांनी बघायला हवं. आणि ते खातं सोडा."

"मोठे डॉक्टर कधी बघतील?"

"नंबर लागेल तेव्हा. तुमच्याहून वाईट हालतीतले पुढे आहेत. तीन-चार महिने जातील. तोवर या पंपातून औषध ओढा."

तीन-चार महिने! जुन्या विम्यात मी आठवड्यात मोठ्या डॉक्टरसमोर असते, असं म्हणणार होते. मग आठवलं की जुन्या विम्यात मी ठणठणीत होते. आणि ते खातं सोडावं लागून नोकरी गेली असती तर विमाही गेला असता, आणि मग माझी छातीच 'जुना आजार' ठरली असती. असलं काही आठवलं की आणखीच राग येतो. कुणावर काढायचा तेही कळत नाही.

मुकादमाच्या हातापाया पडून शिलाई खात्यात बदली घेतली. औषध ओढायला लागले. दोन आठवडे झाले, एका रविवारी दुपारी जाऊबाई कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने मान वर केली. मी तिच्या तोंडाकडे तोंड करून विचारलं, "वहिनी, वाजतो का अजून?"

ती जराशी माझ्याकडे वाकली, क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "नाही गं. आता अजिबात नाही वाजत."

मला इतकं बरं वाटलं! मोठा श्वास घेतला, आणि नजर खणाकडे गेली. खण अर्धवट उघडा होता. रिळांच्या मध्ये ती डबी, आणि डबीत दोन्ही यंत्रं. घरात ती घालत नाही, हे विचारायच्या घाईत मी विसरलेच होते.

ती पुन्हा खाली मान घालून टाके घालायला लागली होती. मी डबी बाहेर काढली, उठून दिव्याच्या बटणाशी गेले आणि दोनदा खालीवर केलं. तिने वर बघितलं. मी डबी तिच्यासमोर धरली.

"माझं खोटं समाधान नका करू," मी म्हटलं. "घाला. आणि नीट ऐका."

तिने सुई कोटात खोवली, यंत्रं कानात बसवली आणि माझ्या छातीशी कान आणला. मी श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"वाजतो," ती म्हणाली. "पण त्या रविवारपेक्षा कमी."

"नक्की?"

"नक्की. आणि अगं, तू रडतेस त्याचाही आवाज येतोय."

मेलीला तेही माझ्याआधी कळलं.