ट्रामवरचा फुटबॉलपटू

अमळनेरहून धुळ्याला जाताना एसटीत शेजारचे आबा मोबाईलवर फुटबॉलची जुनी, काळी-पांढरी मॅच बघत होते. चेंडू सुटला की त्यांचा पाय पुढच्या सीटवर आपटायचा.

“हा कोण?” मी विचारलं.

“युरोपातला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लई गाजला. मग गुडघा मोडला, अन् ट्रामवर कंडक्टर झाला.”

“वाईट वाटलं असेल त्याला.”

“वाटलंच असेल. पण ट्राम मैदानाजवळ आली, की घंटी जरा जास्तच वाजवायचा.”

“हे कुठं वाचलंत?”

आबा स्वतःचा गुडघा चोळत हसले. “वाचेल नही भाऊ. मी बी एस्टीमा कंडक्टर व्हतू.”

धुळ्यात ते उतरून गेले. आता त्या रस्त्यावर एखादं मैदान दिसलं, की मी खिडकीतून वाकून बघतो. हेच असेल का त्यांचं?