धुऱ्यावरचा जवस

अमडापूरहून सकाळच्या एसटीनं निघालो, तेव्हा पिशवीत विळा, भाकर आणि एक रिकामं फडकं एवढंच होतं. मोताळ्याकडं साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या शेतावर जायचं, त्याला जवस कापू लागायचं आणि मूठभर बी घेऊन यायचं.

बायको पोळ्याच्या आधी गेली. माहेराहून आणलेला जवस ती दरसाल धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेरायची. ती गेल्यावर गाडग्यातलं बी सुनेनं चटणीसाठी भाजलं. तिला काय माहीत? मीही ती चटणी खाल्ली, वर मागून घेतली. गाडगं रिकामं दिसलं तेव्हा कळलं. मग आठवलं, आखाडात माहेरी गेली तेव्हा भावाला ओंजळभर बी देऊन आली होती. आता उरलं ते तेवढंच.

कंडक्टरला पिशवीतून विळ्याची मूठ दिसली.

"बाबा, कोणाले कापाले चालले?"

"जवसाले."

"मंग ते धार खाली ठेवा. जवस नाही बसला गाडीत."

लोक हसले. मी नाही हसलो.

बुलडाण्याला गाडी बदलली. राजूरच्या घाटात डोंगर सगळा वाळलेला, पळसाला तेवढी फुलं. या घाटात ती डोळे मिटून माझा दंड धरून बसायची. आज शेजारी एकजण पोतं मांडीवर घेऊन घोरत होता.

शेतावर पोचलो तर बाया जवस मुळासकट उपटून पेंढ्या बांधत होत्या. मी विळा काढला तशी ताराबाई नावाची मजूरबाई ओरडली, "ओ पाव्हणे, ठेवा तो विळा! कापला त धागा आखूड होते. हा खायाचा जवस नाही, नेसायचा हाय!"

गजानन, माझा साळा, पुढं आला. कापडाच्या धाग्यासाठी त्यानं यंदा बाहेरचं बी आणून दाट पेरलं होतं. देठ पिवळा पडला की उपटायचा, बी पुरतं पिकायची वाट पाहायची नाही. मग हौदाच्या पाण्यात कुजवायचा, वाळवायचा, झोडपायचा. हौदाला मेलेल्या जनावराचा वास येत होता. आधीच्या पेंढ्यांतून निघालेल्या धाग्याची एक बट त्यानं माझ्या हातात दिली. करडी, मऊ. तिची वेणी शेवटी अशीच झाली होती. मी बट परत दिली.

"तिचं बी कुठं पेरलं?"

त्याचं तोंड उतरलं. "त्या धुऱ्यावर होतं, भाऊजी. बायाईनं काल समद्यासंग उपटलं."

"अन् तू काय करत होता?"

"ध्यानातच नाही राह्यलं."

"तुयी बहीण होती बे ते!"

पेंढी बांधता बांधता ताराबाईच म्हणाली, "आखूड अन् फाटे फुटलेला होता काय? तो धाग्याच्या कामाचा नाही. म्या बोरीखाली फेकला. म्हशीनं खाल्ला नसन त पाहा."

बोरीखाली ढीग होता, अर्धा तुडवलेला. मी बसलो. गजाननही समोर बसला. दोघं बोंडं खुडत राहिलो. बरीच हिरवट होती. दाणा दाताखाली धरला, काही कडक लागले, काही नुसते पोचट.

"उगवन काय?"

"आता काय सांगू, भाऊजी."

पलीकडं मोकळ्या तुकड्यात त्याच्या गड्यानं वखर धरला होता. बारीक बी, ढेकळाखाली दबलं की वर येत नाही, म्हणून माती आतापासूनच मऊ करायची. हे ती मला दरसाल सांगायची. मी ऐकून सोडून द्यायचो, कारण धुरा तिचा होता.

घाट चढताना फडक्यातलं बी छातीशी धरलं. घरी येऊन ते राखेत मिसळून गाडग्यात भरलं. सुनेनं न सांगता गाडग्याला फडकं बांधलं आणि डोळे पुसले.

सकाळी कुदळ घेऊन धुऱ्यावर गेलो.

"मामाजी, आतापासून काऊन?" सुनेनं विचारलं. "जवस त दिवाळीच्या टायमाले पेरतात."

"नाही उगवला त मातीले दोष नको द्याले."

उगवतो की नाही ते दिवाळीनंतर कळेल. तोवर ढेकळं फोडतो.