तारखेला दोघं एकाच गाडीवर

"तुम्ही दोघं अजून एकत्र राहता का?" जजसाहेबांनी विचारलं.

वाशीमच्या कोर्टात मी विधी सेवेची पॅनेल वकील आहे. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस मी चालवते, फी सरकार देतं. बाई असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. ज्योती अशीच आली. शिरपूरला माहेरी राहायची, सोयाबीन सोंगायला, कापणीच्या मजुरीला जायची. नवरा गजानन केनवडचा. दारू प्यायचा, मारायचा. वकील फुकट मिळाला तरी तारखा फुकट नसतात. दर तारखेला मजुरी बुडते, एसटीचं तिकीट लागतं. म्हणून मी तिला सगळ्यात स्वस्त रस्ता सांगितला, संमतीचा घटस्फोट. दोघांचा एकच अर्ज, साक्षीदारांची भानगड नाही. फक्त वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिन्यांनी दोघांनी कोर्टात पुन्हा 'हो' म्हणायचं.

त्या 'हो'च्या तारखेला गजानन आलाच नाही. साहेबांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेनंतर लगेच गजाननची ऊसतोडीची टोळी निघणार होती. एकदा गेला की तो हाती लागणार नव्हता. मग ज्योतीला मारहाण शाबीत करत वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले असते.

या वेळी दोघं हजर होते. पण सकाळी गेटमधून ते एकाच मोटारसायकलवर आले, आणि नेमकं साहेबांनी पाहिलं. जुळत असेल तर मध्यस्थीकडे पाठवतो, असं म्हणत त्यांनी पेन उचललं. म्हणजे आणखी एक तारीख. त्यांचं चुकत नव्हतं. मला ज्योतीचाच राग आला. तिकीट वाचवायला हिला आजचाच दिवस सापडला? मी काहीतरी सारवासारव करू लागले. साहेबांनी मला हातानेच थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"मी याले आणाले गेली होती साहेब," ज्योती म्हणाली. "मांगच्या तारखेले हा आला नाही. म्हणून पहाटेच केनवडले गेली, याच्या दारात बसली. उठला तसा घेऊन आली."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. रस्ताभर सीटच्या मांगचा दांडा धरून बसली. याले हात लावला नाही."

साहेब गजाननकडे वळले. तो संमतीवरून फिरला असता तर सगळं तिथंच संपलं असतं.

"खरं हाय," तो म्हणाला. "आमी येगळेच राह्यतो. मारत होतो मी तिले. देऊन टाका साहेब."

दुपारनंतर घटस्फोटाचा हुकूम झाला. बाहेर गजाननने गाडी सुरू केली आणि सवयीने तिची वाट पाहत थांबला. ज्योती त्याच्यासमोरून चालत बस स्टँडकडे गेली.

आता संमतीच्या केसमध्ये मी अशिलांना बजावते, वेगवेगळ्या गाड्यांनी या. आणि तारखेच्या आदल्या दिवशी 'उद्या या' म्हणून नवऱ्याला फोन करायचं काम कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, ते मी करते.