लेकराचं पाणी

थर्मासचं बूच काढलं की उकळून निवलेल्या पाण्याचा आणि ओल्या बुचाचा एक किंचित तुरट वास येतो. हल्लीच्या बाटल्यांना तो येत नाही. परवा माझी लेक प्रज्ञा आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन पहिल्या प्रवासाला निघाली, तेव्हा तिनं पलंगभर पसारा मांडला होता. बाळाला पोटाशी बांधायचे पट्टे होते, घडी करून काखेत मावणारी गाडी होती, आणि एक पिशवी तर अशी, की तिचे कप्पे शोधता शोधता बाळ मोठं व्हावं. यातलं काय नेऊ, असं तिनं विचारलं आणि माझ्या नाकाशी कुठूनसा तो जुना वास आला. बाकीचं तुझं तू ठरव, पाणी मात्र जास्तीचं घे, एवढंच मी म्हटलं. आता पाणी सगळीकडे मिळतं गं आई, असं म्हणून ती हसली. खरंच आहे तिचं. पण ती स्वतः आठ महिन्यांची होती त्या वैशाखात तसं नव्हतं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. भाड्याच्या इमारतींवर कचेऱ्यांच्या ताज्या रंगाच्या पाट्या चढत होत्या, उस्मानाबादेहून ट्रकांत भरून फायली येत होत्या, आणि त्या फायलींच्या गठ्ठ्यांत आमचे हे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बुडालेले असत. जिल्हा आला होता, पाऊस मात्र आला नव्हता. डाळीच्या गिरण्यांतून उठणारा भाजकट पिवळा धुरळा दिवसभर हवेत तरंगत राही, उन्हाला त्याचाच रंग चढे, आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला की अर्ध्या वाटलेल्या चटणीपासून बायका उठून धावत. अशा त्या दिवसांत यांनी हौसेनं सोलापूरहून बाबागाडी आणली. निळं छत, पांढरी चाकं आणि ढकलायला चकचकीत दांडा. आमच्या गल्लीतले दगड आणि उघडी गटारं पाहता तिच्यात लेकराला बसवून चार पावलं जाणंही धाडसाचं होतं. टँकरपासून दारापर्यंत घागरी आणायला मात्र ती फार कामाची निघाली. प्रज्ञा माझ्या कडेवर आणि गाडीत घागर, अशी आमची वरात पाहून शेजारणी घागरीकडे बोट दाखवून म्हणत, थोरलीला चांगलं फिरवताय हो.

बुद्धपौर्णिमेला माहेरी नांदेडला जायचं ठरलं तेव्हा ती गाडीही न्यायची, हे मी मनाशी पक्कं केलं. आईला दाखवायची होती, दुसरं काही कारण नव्हतं. एसटीच्या वाहकानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू म्हैस घेऊन चढते आहे. शेवटी टपावर बोचक्यांच्या सोबतीला तिची रवानगी झाली. मांडीवर प्रज्ञा, पायाशी पिशवीत दुधाच्या पावडरीचा डबा आणि काचेची बाटली, आणि काखेत थर्मास. मी शाळेतल्या नोकरीवर पुन्हा रुजू झाल्यापासून माझं दूध आटलं होतं, पोरगी वरच्या दुधावर होती, म्हणजे त्या थर्मासातल्या पाण्यावरच होती.

पाणी घरचंच न्यायचं, हा आमच्याकडे आईनं घालून दिलेला नियम होता आणि त्याचं कारण आरोग्याचं नव्हतं. आई लहानपणी लोकांच्या शेतात खुरपायला जाई. तहान लागली की ओंजळ धरून उभं राहायचं आणि देणारीनं वरून धार सोडायची. अर्धं पाणी तोंडात, अर्धं कोपरांवरून मातीत. दीक्षा घेतल्यावर तिनं ठरवलं की पुन्हा ओंजळ धरायची नाही. कुठंही निघताना तिच्या हातात पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या असे, आणि आम्ही भावंडं शिकलो, नोकऱ्यांना लागलो, तरी दारातून बाहेर पडताना तिचा एकच प्रश्न असे, पाणी घेतलं का. त्यामुळे माझ्या लेखी तान्ह्या लेकराच्या प्रवासाचं सामान म्हणजे आधी थर्मास आणि मग बाकी सगळं.

अहमदपूर मागं पडलं, लोहा यायचं होतं, आणि उन्हानं पांढऱ्या पडलेल्या त्या माळावर गाडीखाली काहीतरी कडाडलं. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. हिसक्यासरशी प्रज्ञाला सावरायला मी दोन्ही हात पुढं केले आणि थर्मास सीटखाली जाऊन आदळला. उचलून हलवला तर आतून काचेचा बारीक खुळखुळाट आला. पाणी होतं तसंच होतं, आणि त्याचा थेंबही लेकराला देता येत नव्हता. चालक एका ट्रकात बसून आगाराकडे गेला. मागून आलेली गाडी दारापर्यंत भरलेली होती, ती थांबलीच नाही. उतारूंनी बाभळींच्या तोकड्या सावल्या वाटून घेतल्या. ऊन चढत गेलं तसे सगळ्यांचे तांबे रिकामे झाले आणि प्रज्ञा रडायला लागली. आधी भुकेचं ठणठणीत रडणं होतं ते. मग ते बारीक झालं. ते बारीक झालं तेव्हा मी घाबरले.

रस्त्यापासून आत कडुनिंबाखाली एक घर दिसत होतं. वाहकानं टपावरून बाबागाडी काढून दिली. तिच्या छताची सावली तरी होईल म्हणून मी पोरीला तिच्यात ठेवलं आणि ढेकळांतून ढकलत निघाले. चाकं रुतत होती, ओठ सुकलेली पोर आत हेलकावत होती, आणि मी, पदवीधर शिक्षिका, मनातल्या मनात एका प्रश्नाची वाट पाहत होते. अनोळखी गावात पाणी मागितलं की आधी विचारतात, कुणाचे तुम्ही. उत्तर द्यायची मला लाज नव्हती, भीती होती. त्या उत्तरानंतर माझ्या लेकराला पाणी कसं मिळेल, याची भीती. आणि मिळालंच नाही तर, हा विचार मी पुरा होऊच दिला नाही.

घरात एक पोक्त बाई होती आणि तिची सून. कोपऱ्यातल्या रांजणाचा तळ दिसत होता. मी एसटी बिघडल्याचं सांगितलं, फुटका थर्मास दाखवला. बाईनं काही न विचारता चुलीत काटक्या सारल्या आणि रांजण तिरका करून पातेल्यात पाणी घेतलं. सकाळच्या आंबलेल्या दुधाची बाटली माझ्या पिशवीत होती, पण ती धुवायला आणखी पाणी मागायची माझी छाती झाली नाही. ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण फळीवरची पितळेची वाटी आणि चमचा तिनं आपणच काढला. पाणी उकळलं, तिनं ते या भांड्यातून त्या भांड्यात करत निववलं, मी पावडर कालवली. मग मांडी घालून बसत तिनं हात पुढे केले आणि प्रज्ञाला आपल्या मांडीवर घेतलं.

पहिला चमचा भरता भरता बाईनं सहज विचारलं, कुठं निघालात. माहेरी, नांदेडला, बुद्धपौर्णिमेला, मी म्हणून गेले. दरवर्षी म्हणायची तसंच निघालं ते तोंडातून. निघाल्यावर मात्र चुलीतल्या काटक्यांचा तडतडाट मला फार मोठा ऐकू यायला लागला. सुनेनं मान वर करून सासूकडे पाहिलं. चमचा वाटी आणि ओठ यांच्या मधे होता. तो थांबला नाही. प्रज्ञानं जीभ बाहेर काढून तो ओढून घेतला, बाईनं दुसरा भरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कितवा महिना हाय लेकराला?"

आठवा, मी म्हणाले, आणि मला रडू आलं. ते भीतीचं नव्हतं, सुटल्याचं होतं. दाताच्या वेळेला पोरं अशीच किरकिर करत्यात, असं बाई म्हणाली. दुधाच्या दातांबद्दल आणखीही बरंच सांगत राहिली, जणू आमची ओळख बाळंतपणापासूनची होती. वाटी रिकामी झाली तेव्हा रांजणही रिकामा झाला होता. सून घागरी घेऊन निघाली तेव्हा मी म्हटलं, ही गाडी न्या, आमच्याकडेही पाणी हीच आणते. ती लाजली, मग सासूच्या तोंडाकडे बघून हसली आणि निळ्या छताखाली दोन घागरी बसवून विहिरीच्या वाटेला लागली. परतली तेव्हा गादी चिंब झाली होती. त्या गार गादीवर ठेवल्याबरोबर प्रज्ञानं पाय झाडले आणि झोपून गेली.

दिवस कलताना नांदेडला पोचले. आई दारातच होती. तिनं नातीला घेतलं, बाबागाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि विचारलं, "पाणी पुरलं का?"

न्हाई, थर्मास फुटला, मागावं लागलं, मी सांगितलं. आईचा हात लेकराच्या पाठीवर थांबला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "वरून ओतलं का?"

"न्हाई. बाईनं वाटीनं पाजलं, मांडीवर घेऊन."

"तिला ठावं होतं?"

"हाव."

आई आत गेली. स्वयंपाकघरात तिनं फुटका थर्मास मोरीत उपडा केला. पाण्याबरोबर काचा चकाकत गेल्या आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बाईचं नाव काय, हे तिनं विचारलं नाही, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. त्या रस्त्यावर दुसरं दार लागलं असतं तर काय झालं असतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

परतीच्या दिवशी आईनं मला आपला फिरकीचा तांब्या भरून दिला. फिरकी घट्ट आहे का ते दोनदा पाहिलं. गाडी सुटायला आली तेव्हा ती खिडकीशी आली, लेकराच्या गालाला बोट लावलं, आणि आयुष्यभर जे कधी म्हणाली नव्हती ते तिनं रस्त्याकडे बघत म्हटलं, "सरलं तर मागून घे."