पाण्याआधीची हवा

अमरावतीहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या लॅबमध्ये कुणाचं तरी रक्त मशीनला लावत होतो. "भाऊजी, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली... हातातली नळी मी जागेवर ठेवली.

सुभाषदादा नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात नळ सोडायचा. लांब लोखंडी चावीनं पाण्याचा वाल फिरवायचा आणि घरी येऊन आमच्या तोटीला कान लावायचा. आत हवा फुसफुसायची. "आलं, घागर ठेव," म्हणायचा, आणि पाणी यायचंच. दहावीनंतर तो स्वतः थांबला, मला मात्र बी.एस्सी. करवलं. घरातला पहिला पदवीधर मी. "तू रक्त पाह्य, मी पाणी पाह्यतो. दोघंबी नळीवालेच!" ही त्याची नेहमीची थट्टा.

त्या फोनच्या आधी दादा मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला मार लागला. अमरावतीच्या दवाखान्यात तो बेशुद्धच होता. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतलं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते किती आहे हे पाहायला डॉक्टरांनी रक्त बाहेरच्या लॅबमध्ये पाठवलं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकडा वाढला. वहिनी अंगणवाडी सेविका. पोरांचं वजन वाढलं, बायांचं हिमोग्लोबिन वाढलं की आनंद मानायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. मी पोचलो तर ती वॉर्डाबाहेर सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होती. "भाऊजी, वाढला! तोंड गोड करा."

साखर मुठीत धरून मला सांगावं लागलं, "वयनी, हा आकडा उतराले पाहिजे."

"मंग आधी कावून नाही सांगितलं कोणी?" म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

पुढे आकडा उतरला. यावेळी साखर नव्हती. "आता तं डोये उघडतीन ना? तुमी शिकलेले आहा, सांगा." मी डॉक्टरांना विचारलं. इजा किती, हे आकडा थोडंफार सांगतो, ते म्हणाले. माणूस जागा होईल का, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. थांबून पाहू. दादानं शिकवलं त्या शिक्षणातून वहिनीला सांगायला माझ्याकडेही तेवढंच होतं... दादानं डोळे उघडलेच नाहीत.

परवा गावी गेलो. चावी आता दुसऱ्याकडे आहे. दाराआडच्या भिंतीवर तिच्या गंजाचा डाग तेवढा उरलाय. तोटी फुसफुसायला लागली. वहिनी घागर कमरेवर घेऊन उभी होती, खाली ठेवत नव्हती.

"येते काय, भाऊजी?"

मी वाकून कान लावला. बराच वेळ नुसती हवाच येत होती.

"थांबून पाहू," मी म्हणालो.