वानखडे काकांचा चहा

वानखडे काका अठरा दिवस बिनआंघोळीचे होते आणि माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.

परवा ते गेले. झोपेतच.

त्यांच्या मुलीला, रश्मीताईला, विचारून हे लिहितेय. ती म्हणाली, "लिही. पण माझ्या बाबांना बिचारं करू नकोस."

नाही करत. बिचारे ते नव्हतेच. लाज मला वाटायला हवी, आणि वाटतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, एका होमकेअर एजन्सीत शेड्यूल बघते. कुठल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी कोण जाणार, किती वाजता, आंघोळ, औषधं, नाश्ता.

स्टुडंट असताना मी स्वतः हेच काम केलंय. विंटरमध्ये दोन-दोन बस बदलून. म्हणजे "मला काय माहीत" म्हणायचीही सोय नाही.

काका मूळचे अकोल्याचे. इथल्या एका कारखान्यात मशीनिस्ट होते. काकू गेल्यापासून एकटे राहायचे. गुडघे गेलेले, हात थरथरायचे, तोंड मात्र शाबूत.

आंघोळ घालायला कुणीही आलं की म्हणायचे, "बस. आधी चहा घे."

स्वतः करायचे. आलं किसून. त्या हातांनी पंधरा मिनिटं आरामात लागायची.

मग निमूट उठायचे आंघोळीला.

मागच्या वर्षी आमच्याकडे ॲप आलं. दारात पोचलं की फोनवर चेक-इन, निघताना चेक-आउट. प्रत्येक कामापुढे दोन बटणं. एक "झालं", दुसरं "क्लायंटने नकार दिला".

खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं होतं ते. फायली गेल्या, फोनाफोनी गेली.

चहाला मात्र बटण नव्हतं.

काकांकडे जाणारी नवजोत रोज उशिरा चेक-आउट करायची. तिचं नाव रोज लाल. विचारलं तर म्हणाली, "दीदी, अंकलजी चाय के बिना उठते ही नहीं."

मग मीच काकांना फोन लावला. ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच ना, दीडशहाणी!

"काका, आमच्या मुलींना क्लायंटकडे काही खायची-प्यायची परवानगी नाही. पॉलिसी आहे."



"चहा बी नाही?"

"चहासुद्धा नाही."

"बरं बाप्पा. तुमचं राज्य."

दुसऱ्या दिवसापासून नवजोत वेळेवर निघायला लागली. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. मी सगळ्यांसाठी डोनट नेले. आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

कारण नवजोत चहाला नाही म्हणायची आणि काका आंघोळीला. ती बिचारी इमानदारीत रोज "नकार" दाबायची. ॲपला नकारही चालतो. बटण दाबलं की व्हिजिट पूर्ण, रंग हिरवा.

उघडून बघायचं काम माझं होतं. मी रंग बघत बसले.

अठराव्या दिवशी रश्मीताई व्हँकुव्हरहून आली, बाबांना मिठी मारली आणि मला फोन केला. ओरडली नाही. "एकदा इथे ये आणि वास घेऊन जा," एवढंच म्हणाली.

मी गेले.

काका दारातच म्हणाले, "काहून आली? चहा तर चालत नाही तुमच्यात."

"आज चालतो, काका."

त्यांनी केला. मी प्यायले. शेवटचा घोट संपल्यावर कप माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "चाल. घाल आता आंघोळ."

पाठ चोळताना मी विचारलं, "काका, एका चहासाठी इतके दिवस?"

"पोरी, अनोळखी माणसापुढे कपडे कसे काढू? घरात चहा घेतला की माणूस ओळखीचं होते. मंग नाही वाटत लाज."



ऑफिसला काकांसाठी पंधरा मिनिटं वाढवून मागितली. "पुढच्या क्वार्टरला बघू," उत्तर आलं. पार्किंगच्या दंडावरून महिनाभर भांडलेली मी, "थँक यू" लिहून गप्प बसले. नवजोतला "घे गं चहा, मी बघते" म्हणायचीही हिंमत झाली नाही. लाल झालं असतं ना.

त्याऐवजी काकांना म्हटलं, "दर मंगळवारी मीच येईन. चहा घेऊ, मग आंघोळ."

"नक्की?"

"नक्की."

दोन मंगळवार गेले मी. तिसऱ्याला ट्रेनिंग होतं. चौथ्याला स्नो. पाचव्याला काय होतं ते आता आठवतही नाही, इतकं फालतू असणार.

त्या पाचव्या मंगळवारची नवजोतची नोट ॲपमध्ये आहे. "काकांनी दोन कप चहा केला. म्हणतात, कोणीतरी येणार आहे. आंघोळ: क्लायंटने नकार दिला."

मी ती वाचली. वाचली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण वाचली, आणि अप्रूव्ह केली. हिरवी झाली.

त्याच आठवड्यात काका गेले.

आज त्यांची फाइल बंद करायची होती. सेवा का थांबली, ॲपने विचारलं. "मृत्यू" निवडलं. मग ती मंगळवारची नोंद दुरुस्त करायला गेले, तर होईना. अप्रूव्ह झालेली नोंद लॉक होते.

म्हणून इथे करते, सगळ्यांसमोर.

त्या मंगळवारी वानखडे काकांनी आंघोळीला नकार दिला नव्हता. ते चहा करून माझी वाट बघत होते.

काका, मान खाली घालून तुम्हाला श्रद्धांजली.