दुसरीच्या गळ्यातली ओळ

नातीच्या, गौतमीच्या हळदीला मांडवात जातं मांडलं, तेव्हा खुंट्याला हात घालून बसलेल्या सारजाबाईंना एकच धास्ती होती. सुरू केलेली ओवी पुरी कोण करणार?

गौतमीने सकाळीच विचारलं होतं, "आजी, ओवीला ओवी का म्हणतात गं?"

"फुलं ओवतो तशी ओवायची, म्हनून ओवी. सासूबाई म्हनायच्या, एकीनं दोरा धरायचा, दुसरीनं फूल घालायचं. एकटीचं काम न्हाई ते."

त्या घरचा दंडकच होता तसा. पहिली ओळ एकीची, दुसरी समोरचीची. आपली ओवी आपणच पुरी करायची नाही, आणि हळदीत तर ती अर्धी सोडायचीच नाही.

समोरची म्हणजे धाकटी जाऊ सोनी. काय पहाटा होत्या त्या! मांडीवर पोर झोपलेलं, नाचणीचं पीठ भुरभुरतंय आणि सोनी अशी काही ओळ जोडायची की हसून हसून हातातला खुंटा सुटायचा. गिरणीचं पीठ खाणाऱ्यांना त्याची चव काय सांगायची! पुढे सोनीच्या नवऱ्याने न विचारता सामाईक भातखाचर रिसॉर्टवाल्याला विकलं. तेव्हापासून भिंतीला भिंत लागून असूनही दोघींनी अबोला धरला.

आज सोनी आली होती, पण पाहुणीसारखी पार कडेला बसली होती. बोलावणं पाठवण्यापुरताच सारजाबाईंचा ताठा उतरला होता. जुनं माणूस, दुसरं काय!

जातं घरघरलं. सारजाबाईंनी सूर लावला,

"हळदीचं जातं बाई, मांडवात मांडीलं..."

पुढे कुणीच बोलेना. समोर बसलेली नवी सून नुसतीच लाजून हसली. सारजाबाईंनी जातं फिरवत ठेवलं. डोळे भरून आले, पण पुढची ओळ काही त्यांनी स्वतः म्हटली नाही.

"सरक गं पोरी," सोनी सुनेला म्हणाली. "हिला जन्मात एकटीला जमलं न्हाई." आणि समोर बसून तिने खुंटा धरला.

"दोघी जावांनी गं, एका खुंट्याला भांडीलं!"

मांडव हसला. सारजाबाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. सोनीचीही तीच गत झाली.

"म्हन आता पुढची," डोळे पुशीत सोनी म्हणाली.

"तू म्हन. मी जोडते."

"थोरली तू हायेस."

पुढची ओवी कुणी सुरू करायची, यावर दोघी तिथेच पुन्हा भांडायला लागल्या.